पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : लोकरीत आणि लोकमाता

इंदूर शहराच्या मध्यवस्तीत होळकरांचा सात मजली राजवाडा उभा आहे आणि त्याच्या समोरील बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. वास्तविक बाईंनी राज्य केले ते इंदुरात बसून नव्हे, तर तेथून सुमारे नव्वद किलोमीटरांवर, नर्मदातीरी वसलेल्या महेश्वरात. तरीही इंदूरकरांनी त्यांना आपलेच मानले. तेथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे, विमानतळासही आहे, आणि पुण्यतिथीच्या दिवशी त्यांची पालखी नगरातून मिरविली जाते. सन २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. इतक्या काळानंतरही ज्यांचे नाव घेताना सामान्य माणूस मागे ‘देवी’ किंवा ‘मातोश्री’ लावल्यावाचून राहत नाही, अशी राजघराण्यातील माणसे विरळाच.

थोरांची चरित्रे लिहिताना त्यांचे गुण जन्मजातच होते असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु मनुष्य आपला पिंड एकट्याने घडवीत नाही. कोणासमोर उभे राहावे, कोणासमोर बसावे, कोणते वस्त्र नेसावे, कोणाला कोणत्या नात्याने हाक मारावी, हे सारे त्याला घर, कुळ आणि गाव शिकवितात. आणि हे शिकता शिकता त्याचे मनही त्याच साच्यात बसते. अहिल्याबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहिले तर ते अधिक बोधप्रद वाटते. ज्या लोकरीतीने त्यांना घडविले, तिचाच आधार घेऊन त्यांनी राज्य चालविले. आणि त्याच लोकरीतीपुढे एके दिवशी त्यांना हात टेकावे लागले.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर असे नाव मिळाले आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील, धनगर समाजातील प्रतिष्ठित गृहस्थ. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी नव्हती. तथापि माणकोजींनी आपल्या कन्येस लिहावाचावयास शिकविले, असे परंपरा सांगते. पाटलाच्या घरी गावचे तंटे येतात, सारा भरण्याच्या तक्रारी येतात, वाटसरू येतात. अशा घरातील मूल इतरांचे बोलणे ऐकत वाढते. पुढे बाईंच्या न्यायदानात जो संथपणा आणि दोन्ही पक्षांचे ऐकून घेण्याची जी सवय दिसते, तिचे मूळ या पाटीलकीच्या ओसरीवर असावे असे मानण्यास जागा आहे.

मल्हारराव होळकरांनी या मुलीस गावच्या देवळात पाहिले आणि आपल्या खंडेराव या पुत्रासाठी मागणी घातली, ही कथा सर्वश्रुत आहे. मल्हारराव स्वतः होळ गावच्या मेंढपाळ घराण्यातले. वडील लवकर निवर्तले आणि विधवा माता लहानग्या मल्हारीस घेऊन खानदेशात तळोदे येथे आपल्या भावाकडे राहिली. तेथून शिलेदारी पत्करून पहिल्या बाजीरावांच्या मर्जीस उतरत मल्हारराव माळव्याचे सुभेदार झाले. विधवेचा मुलगा म्हणून वाढलेल्या या पुरुषाने पुढे आपल्या विधवा सुनेविषयी जो निर्णय घेतला, तो समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही.

सासरी अहिल्याबाईंना गुरू लाभल्या त्या सासूबाई गौतमाबाई. पेशव्यांनी सन १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगीची स्वतंत्र नेमणूक करून दिली होती. होळकरांच्या घरी त्यामुळे दोन तिजोऱ्या असत: एक दौलतीची, म्हणजे फौज आणि मुलूख यांच्या खर्चाची, दुसरी खासगीची, म्हणजे घरातील स्त्रीच्या हक्काची. दोहोंचा हिशेब वेगळा. खासगीच्या गावांचा वसूल, कारकुनांची हजेरी, दानधर्माचा खर्च हे सारे सासूच्या नजरेखाली चाले, आणि सुनेने ते पाहत पाहत आत्मसात केले. सुनेने सासूच्या हाताखाली घर शिकावे, ही आपल्या घराघरांतली रीत. येथे घरच एवढे मोठे होते की ते शिकता शिकता सून राज्यकारभारही शिकली. सन १७४५ मध्ये त्यांना मालेराव हा पुत्र आणि सन १७४८ मध्ये मुक्ताबाई ही कन्या झाली.

सन १७५४ च्या मार्च महिन्यात भरतपूरच्या जाटांच्या कुंभेर किल्ल्यास मराठ्यांनी वेढा घातला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाई त्या वेळी एकोणतिसाव्या वर्षात होत्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंचीही तयारी झाली होती. त्या काळच्या राजघराण्यातील स्त्रीला सती जाणे हा कोणी केलेला जुलूम वाटत नसे. तोच आपला धर्म आणि तीच कुळाची शोभा, असे तिने लहानपणापासून ऐकलेले असे. जे सर्वांनी मानले ते तिनेही स्वतःचे म्हणून मानलेले असे. अशा वेळी पुत्रशोकाने खचलेले मल्हारराव सुनेसमोर आले आणि त्यांनी तिची विनवणी केली की मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा. तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे. अहिल्याबाई थांबल्या.

या प्रसंगात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की सासऱ्याने शास्त्रार्थ केला नाही. त्याने नाते पुढे केले. सुनेचे कर्तव्य एका रूढीने चितेकडे ओढत होते, तेव्हा त्याने तितकेच जुने दुसरे कर्तव्य, वृद्धांची सेवा, तिच्या हाती दिले. दुसरी ही की जगण्याचा मार्ग चितेहून सोपा नव्हता. सती गेलेल्या स्त्रीची पूजा होई. मागे राहिलेल्या स्त्रीला शुभकार्यात पुढे येता येत नसे, अलंकार आणि रंगीत वस्त्रे वर्ज्य होत, आणि लोकांच्या नजरा आयुष्यभर सोसाव्या लागत. बाईंनी हा दुसरा मार्ग पत्करला.

त्यानंतरच्या बारा वर्षांत मल्हाररावांनी सुनेला खरोखरच मुलाप्रमाणे वागविले. ते मोहिमेवर असत आणि मागील व्यवस्था बाईंकडे असे. सन १७६५ मधील त्यांची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जावे, दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेवर चौक्या बसवाव्यात, अशा आज्ञा आहेत. घरात ज्या स्त्रीला मंगलप्रसंगी मागे उभे राहावे लागे, तिच्याकडे सासरा तोफांची जबाबदारी सोपवीत होता. विश्वास टाकल्याने माणूस त्या विश्वासाच्या योग्यतेचा होतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दिनांक २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. मालेराव सुभेदार झाले, पण त्यांचे चित्त स्थिर नव्हते आणि वर्षाच्या आतच, सन १७६७ मध्ये, तेही गेले. पती, सासू, सासरा आणि पुत्र या साऱ्यांना पारख्या झालेल्या बाईंपुढे आता राज्याचा प्रश्न उभा राहिला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा विचार असा की बाईंनी एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा, स्वतः खासगीचे उत्पन्न घेऊन देवधर्म करीत राहावे आणि कारभार दिवाणांनी पाहावा. वरवर पाहता ही सूचना रूढीला धरूनच होती. विधवेने जपमाळ हाती घ्यावी यात कोणाला काय गैर वाटणार? बाईंनी ती साफ नाकारली. एका सुभेदाराची सून आणि दुसऱ्याची माता या नात्याने वारस ठरविण्याचा अधिकार आपला, असे त्यांचे म्हणणे होते. दिवाणांच्या निमंत्रणावरून राघोबादादा फौजेसह माळव्यात आले, तेव्हा बाईंनी लढाईची सिद्धता केली आणि त्यांना असे कळविले की स्त्रीशी लढून जय मिळाला तरी कीर्ती नाही, आणि पराजय झाला तर अपकीर्तीस सीमा नाही. महादजी शिंदे व जानोजी भोसले यांनी दादांस साथ दिली नाही. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. अबला म्हणून जी समजूत स्त्रीला बंधन होती, तीच बाईंनी येथे ढाल म्हणून वापरली.

फौजेचे सेनापतिपद बाईंनी तुकोजी होळकरांस दिले. तुकोजी मल्हाररावांचे सख्खे नव्हेत, आणि वयाने बाईंहून वडील होते. तरी ते बाईंना मातोश्री म्हणत. दोन सत्ताधारी एकाच राज्यात नांदले म्हणजे कलह ठरलेला. येथेही कुरबुरी झाल्या. परंतु अठ्ठावीस वर्षे ही व्यवस्था टिकली, याचे मोठे कारण ते संबोधन होते. एकदा आई म्हटले की बोलण्याची पायरी, बसण्याची जागा आणि रागाची मर्यादा आपोआप ठरते.

बाईंनी राजधानी महेश्वरास नेली. तेथील त्यांचा दिनक्रम सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंना पाहिलेल्या लोकांकडून चौकशी करून सन १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. सूर्योदयापूर्वी उठून स्नान व पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन आणि त्यानंतर स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. सायंकाळी पुन्हा पूजा व अल्प फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. अंगावर विधवेचे पांढरे वस्त्र, गळ्यात एक लहानशी माळ, बाकी दागिना नाही. पडदा पाळत नसत. कोणीही येऊन गाऱ्हाणे सांगावे. एकभुक्त राहणे, मोह टाळणे, देवाच्या नावाने सर्व काही करणे, हे विधवेला लावून दिलेले नियम. बाईंनी त्यांतला एकही मोडला नाही. पण त्या नियमांतून जी शिस्त आली, ती दप्तराला लावली. राज्य शंकराचे आणि आपण त्याचे कारभारी, या भावनेने आज्ञापत्रांवर शंकराचे नाव घातले जाई.

देवस्थानांच्या महाजन कुटुंबांना बाईंचे नाव विशेष प्रिय असावे याचे कारण सांगण्याची गरज नाही. काशी विश्वेश्वराचे मंदिर सन १६६९ मध्ये पाडले गेले होते. ते पुन्हा उभे राहिले सन १७८० मध्ये, बाईंच्या हातून. सोमनाथास त्यांनी जुन्या भग्न मंदिराजवळ नवे मंदिर सन १७८३ मध्ये बांधले. गयेचे विष्णुपद मंदिर, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, काशीचा मणिकर्णिका घाट ही त्यांचीच कामे. केदारनाथापासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, अन्नछत्रे, विहिरी यांची नेमणूक त्यांनी केली आणि दूरच्या देवस्थानांना अभिषेकासाठी गंगोदकाच्या कावडी पाठविल्या. आपल्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात देव उचलून नदीपलीकडे नेले आणि रानात पुन्हा घुमटी उभारली. ज्यांच्या घरी ही आठवण पिढ्यानपिढ्या सांगितली जाते, त्यांना काशीच्या त्या एकशे अकरा वर्षांचा अर्थ अधिक समजावून सांगायला नको.

यातही शिकण्याजोगी बाब हिशेबाची आहे. हा धर्मादाय मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून होई, दौलतीच्या वसुलातून नव्हे. देवाचा पैसा वेगळा, घरचा वेगळा, सरकारचा वेगळा, ही जाण गौतमाबाईंच्या देखरेखीत सुरू झाली आणि सुनेने ती सोडली नाही. देवस्थानचा जमाखर्च ज्यांनी लिहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की भक्ती मोजता येत नसली तरी दिवटीच्या तेलाचा हिशेब मोजूनच ठेवावा लागतो.

प्रजेच्या दैनंदिन व्यवहारात बाईंनी जे बदल केले ते विशेषतः विधवांच्या बाबतीत दिसतात. निपुत्रिक सावकार वारला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याचा, किंवा दत्तकाची परवानगी देताना जबर नजराणा उकळण्याचा प्रघात सर्वत्र होता. सिरोंज येथील एका सावकाराच्या विधवेकडून तेथील कामगाराने अशीच रक्कम मागितली. ती बाई महेश्वरास आली. अहिल्याबाईंनी कामगारास दूर केले, दत्तक मंजूर केला, मुलाला मांडीवर बसवून वस्त्रे व दागिने दिले, आणि नजराणा घेतला नाही. दुसरा प्रसंग खुद्द इंदूरचा. तुकोजींची फौज नगराजवळ तळ देऊन होती आणि तेथील एका मृत सावकाराच्या संपत्तीत वाटा मिळावा अशी त्यांची इच्छा झाली. त्याची विधवा धावत महेश्वरास गेली. बाईंनी तिला मानाचे वस्त्र देऊन मालमत्तेची स्वामिनी ठरविले आणि तुकोजींस निरोप धाडला की आपला तळ नगरापासून दूर न्यावा, इंदूरला उपद्रव देऊ नये. तुकोजींनी ऐकले. इंदूर हे व्यापाऱ्यांचे नगर म्हणून भरभराटीस आले, त्याच्या पायाशी हा निर्धास्तपणा आहे.

भिल्लांच्या बाबतीतही त्यांची रीत हीच. वाटसरूंवर पडणाऱ्या टोळ्यांना प्रथम समजूत, मग शिक्षा, आणि अखेर त्यांचा जुना हक्क मान्य करून जबाबदारी. डोंगरवाटेने जाणाऱ्यांकडून भिल्लांनी ठरावीक कर घ्यावा, पडीक जमीन कसावी, आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास भरपाई करावी, असे त्यांनी ठरवून दिले. ज्याला समाज चोर म्हणतो तो चोरच होतो. त्याला राखणदार म्हटले की पुष्कळदा तो राखण करू लागतो.

स्तुतीचा मोह मात्र त्यांनी धरला नाही. एका ब्राह्मणाने त्यांच्या गुणवर्णनाचा ग्रंथ रचून वाचून दाखविला. बाईंनी तो शांतपणे ऐकला आणि नंतर नर्मदेत टाकण्यास सांगितले. भोवतालचे लोक आपल्याला जे म्हणतात त्यावरून माणूस स्वतःची किंमत ठरवू लागतो, आणि सत्ताधाऱ्यास तर भोवती गोड बोलणारेच अधिक भेटतात. बाईंनी तो आरसाच दूर केला.

आता या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग. कन्या मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा एकुलता मुलगा ऐन तारुण्यात वारला आणि त्यानंतर काही काळाने, सन १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सत्तरीकडे झुकलेल्या अहिल्याबाईंनी कन्येची परोपरीने विनवणी केली, आपल्याला या जगात एकटे टाकू नकोस म्हणून तिच्यापुढे लीन झाल्या. मुक्ताबाई शांत होत्या, पण ढळल्या नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते की आई वृद्ध आहे, थोड्या वर्षांत तीही जाईल; मग पतीपुत्रावाचून जगणे असह्य होईल आणि मानाने जाण्याची संधी तर निघून गेलेली असेल. नर्मदाकाठी चिता पेटली. दोघा ब्राह्मणांनी धरून ठेवलेल्या बाई ते पाहत उभ्या होत्या. त्यांचा धीर सुटला आणि त्या आक्रोश करू लागल्या. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. पुढे तेथे कन्येचे स्मारक बांधले.

जिच्या शब्दाने सेनापती तळ हलवीत, तिचा शब्द मुलीने का मानला नाही? आज्ञा देऊन बंदी करण्याचा अधिकार बाईंकडे होता. परंतु ही रूढी बाहेरून लादलेली राहिली नव्हती, ती मुक्ताबाईंच्या मनात वस्तीला आली होती. मान कशात आहे, याची त्यांची कल्पनाच समाजाने दिलेली होती. सन १७५४ मध्ये अहिल्याबाईंना थांबविले ते केवळ सासऱ्याच्या अश्रूंनी नव्हे. पुढे करण्याजोगे काम, सांभाळण्याजोगी मुले आणि पाठीशी उभा असलेला घरचा कर्ता पुरुष होता. मुक्ताबाईंपुढे सदतीस वर्षांनंतर यांपैकी काहीच उरले नव्हते. शिवाय आईचे उदाहरण समोर असूनही ते अपवाद म्हणूनच राहिले होते. त्याची रीत झाली नव्हती. एक थोर व्यक्ती स्वतः रूढीबाहेर जगू शकते, पण तेवढ्याने रूढी मोडत नाही. इंग्रजी अमलात सतीबंदीचा कायदा झाला तो सन १८२९ मध्ये, मुक्ताबाईंनंतर अडतीस वर्षांनी.

दिनांक १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंनी देह ठेवला. तुकोजीही दोन वर्षांतच गेले, आणि होळकरशाहीत कलहाचा काळ सुरू झाला. सन १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. ज्या नगराला बाईंनी फौजेच्या उपद्रवापासून वाचविले, त्याच नगराने त्यांची स्मृती सर्वांत मोठ्या निष्ठेने जपली.

सतीची चाल गेली. तिच्या सावलीत वाढलेल्या लहान रीती मात्र सहजासहजी जात नाहीत. सन २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने इतर गावांनाही तो आदर्श घेण्याचे आवाहन केले. म्हणजे अहिल्याबाईंनंतर दोनशे सत्तावीस वर्षांनीही एका गावाला हे ठरवून सांगावे लागले. देवळातील ओटी, हळदीकुंकू, पालखीपुढील पंचारती या वेळी घरातील एखादी वहिनी किंवा आत्या न सांगता दोन पावले मागे सरते. तिला कोणी मागे हो म्हणत नाही. ते लहानपणीच तिच्या अंगवळणी पडलेले असते, आणि शेजारी उभी असलेली नात ते पाहून शिकत असते.

ज्या पुण्यश्लोक स्त्रीने काशीचा विश्वेश्वर पुन्हा बसविला, तीही विधवाच होती. तिच्या हातचे मंदिर चालते आणि तिच्यासारखीच्या हातचे निरांजन चालत नाही, हे देवाला मान्य असेल असे वाटत नाही. मल्हाररावांनी शास्त्र बदलले नव्हते. त्यांनी आपल्या घरातल्या एका सुनेला, सर्वांच्या देखत, थांब म्हटले होते. तेवढा शब्द उच्चारण्याचा अधिकार प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांकडे आजही आहे. पुढच्या उत्सवात मागे सरणाऱ्या वहिनीला एखाद्या वडीलधाऱ्याने हात धरून पुढे आणले, तर अहिल्याबाईंची ती खरी पुण्यतिथी ठरेल.